टीकेचा उत्सव

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत, ११ तारखेपासून १४ तारखेपर्यंत, भारत सरकारच्या सूचनेवरून देशभर 'टीका उत्सव' साजरा झाला. पहिला दिवस जोतीराव फुले यांच्या जयंतीचा व शेवटचा डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा असल्यामुळें मुहूर्तास नांव ठेवण्यास जागा नव्हती. हिंदींत 'टीका' म्हणजे लस, हें ज्यांस ठाऊक होतें त्यांस उत्सवाच्या नांवांतही कांहीं वावगें दिसलें नाहीं. परंतु केवळ मराठी जाणणाऱ्या एखाद्या वाचकास तीं अक्षरें सकाळच्या पत्रांत वाचून क्षणभर हंसूं आलें असल्यास त्यांत नवल नाहीं. आपल्यावरील टीकेचा उत्सव सरकारनेंच मांडावा, इतकें औदार्य आजवर कोणत्याही सरकारच्या ठिकाणीं आढळून आलेलें नाहीं!

हंसूं ओसरल्यावर मात्र या शब्दानें आमची पाठ सोडली नाहीं. मराठींत 'टीका' या शब्दाला दोष दाखविण्याहून जुना व थोर असा आणखी एक अर्थ आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका होय, असें आपण म्हणतों, तेव्हां ज्ञानेश्वरांनीं गीतेचे दोष काढले असें कोणीही समजत नाहीं. मूळ ग्रंथ ज्यांच्या आवांक्याबाहेर आहे त्यांस तो त्यांच्या बोलींत उलगडून सांगणें, हीच ती टीका. म्हणजे एका शब्दाच्या पोटीं तीन अर्थ नांदत आहेत: दंडावर टोचावयाची लस, दोष दाखविणारी समीक्षा, आणि अर्थ उलगडणारें विवरण. त्या वर्षीं पहिली टीका अखेरीस उदंड झाली. दुसरीवरून भांडणें माजलीं. तिसरी मात्र फार थोड्यांनीं केली, आणि ज्यांनीं केली त्यांची गणती कोणीं ठेवली नाहीं. राष्ट्रीय लसीकरणाच्या त्या लोकचर्चेचें परीक्षण या तीन अर्थांच्या आधारें करावें, असा आमचा विचार आहे.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. लस उपयोगी होती कीं नव्हती, हा या लेखाचा विषय नव्हे. आम्हीं ती घेतली, घरांतील वडीलधाऱ्यांस आग्रहानें देवविली, आणि तिच्यामुळें असंख्य लोकांचे प्राण वांचले याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. प्रश्न एवढाच कीं, कोट्यवधि माणसांच्या दंडाला सुई लावण्यापूर्वीं व लावतांना आपण एकमेकांशीं जें बोललों, तें बोलणें त्या कार्यास शोभण्यासारखें होतें काय?

लशीशीं आपल्या लोकांचा परिचय कांहीं कालपरवांचा नाहीं. १४ जून १८०२ या दिवशीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ती पहिली लस. पुढें आपल्या भाषेनें त्या क्रियेस नांव दिलें तें 'देवी काढणें'. रोगासही देवी आणि त्याच्या उपायासही देवी! परकी वस्तु घरांत घेतांना घरचेंच नांव देऊन घ्यावयाची, हा भाषेचा शहाणपणा होय. आमच्या आजीच्या दंडावरील वण आम्ही लहानपणीं बोटानें चांचपीत असूं, आणि तीही कौतुकानें चांचपूं देत असे. १९८० सालीं तो रोग पृथ्वीच्या पाठीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, त्यांत त्या वणांचा वांटा आहे.

परंतु याच इलाख्यांत दुसरीही एक आठवण आहे, आणि ती इतकी गोड नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी स्वेच्छेनें पुढें आले त्यांच्यावर तिचा प्रयोग झाला. त्याच वर्षीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यांत घरोघर झडत्या झाल्या, आणि २२ जूनला रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. एकाच इलाख्यांत, एकाच रोगावर, एकाच वर्षीं दोन रीतींनीं उपाय चालले होते. एका रीतींत वैद्य आधीं आपला दंड पुढें करीत होता. दुसरींत शिपाई आधीं दार ढकलीत होता. लोकांच्या मनांत कोणती रीत विश्वास उत्पन्न करते, हें सांगावयास नको.

हाफकिन यांच्या चरित्रांतच आमच्या विषयाला लागू पडणारा आणखी एक प्रसंग आहे. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं त्यांची लस टोचलेले १९ लोक धनुर्वातानें दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला व त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. त्या वेळीं चर्चाच बंद केली असती, तर लस तरी कायमची बदनाम झाली असती किंवा निरपराध संशोधक तरी. परंतु पुराव्याची फेरछाननी झाली, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं वृत्तपत्रांतून उघडपणें त्यांची बाजू मांडली, आणि दोष प्रयोगशाळेंतील लशीचा नसून गांवीं बाटली उघडतांना झालेल्या दूषणाचा असावा, असा निष्कर्ष पुढें आला. १९०७ सालीं ते निर्दोष ठरून पुन्हां कामावर आले. १९२५ सालीं मुंबईच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. लशीचा कलंक धुतला तो जयजयकारानें नव्हे. कठोर टीकेनेंच तो धुतला. ही गोष्ट आपण विसरलों, म्हणून येथें मुद्दाम सांगितली.

आतां २०२१ सालाकडे वळूं. ३ जानेवारीस दोन लशींना आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. पहिली कोविशील्ड, ऑक्सफर्डच्या संशोधनावर आधारलेली व पुण्याच्या सीरम संस्थेंत तयार होणारी. दुसरी कोव्हॅक्सिन, हैदराबादची भारत बायोटेक व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनीं सिद्ध केलेली. दुसऱ्या लशीच्या तिसऱ्या टप्प्याचा, सुमारें २५,८०० स्वयंसेवकांवरील प्रयोग तेव्हां चालूच होता. तिची परिणामकारकता किती हें कळावयाचें होतें. म्हणूनच आरंभीं ती 'प्रयोगाच्या स्वरूपांत', संमतिपत्रावर सही घेऊन देण्यांत आली. ही स्थिति लोकांस नीट समजावून सांगणें अगदीं अशक्य होतें असें नाहीं. 'सुरक्षिततेची परीक्षा झाली आहे, प्रतिकारशक्ति निर्माण होते असें दिसलें आहे, ती शक्ति रोगास कितपत आवरते याचा निकाल यावयाचा आहे, आणि साथ थांबावयास तयार नाहीं म्हणून आम्ही हा निर्णय घेत आहों', एवढीं चार वाक्यें पुरलीं असतीं. त्याऐवजीं औषध-नियंत्रकांच्या तोंडून लोकांनीं काय ऐकलें? तर या लशी शेंकडा ११० सुरक्षित आहेत!

या आंकड्यावर आम्ही थोडा वेळ थांबूं इच्छितों. शंभरांपैकीं एकशें दहा सुरक्षित, हें गणितही नव्हे आणि वैद्यकही नव्हे. भाजी विकणारा 'मालक, एकशें दहा टक्के ताजी' म्हणतो, तेव्हां तें कानाला खटकत नाहीं. कारण तो विकत असतो. ज्याचें काम तोलण्याचें, त्यानें विकणाऱ्याची भाषा बोलूं लागावें, यांत त्या वर्षींच्या चर्चेचा मूळ रोग आम्हांस दिसतो. नियंत्रकाच्या शब्दाचें मोल त्याच्या तराजूंत असतें. तराजू हातीं असलेल्यानें स्वतःच घोषणा दिली, म्हणजे ऐकणारा घोषणेवरही विश्वास ठेवीत नाहीं आणि तराजूवरही नाहीं. १६ जानेवारीस लसीकरण सुरू झालें, तेव्हां पहिल्या दिवसांत खुद्द आरोग्यसेवकच अपेक्षेहून कमी संख्येनें पुढें आले. ते अडाणी होते असें कोण म्हणेल?

मार्च महिन्यांत कोव्हॅक्सिनचे प्राथमिक निष्कर्ष आले ते चांगले होते. नोव्हेंबरांत 'लॅन्सेट' पत्रांत परिणामकारकता शेंकडा ७७.८ असल्याचें प्रसिद्ध झालें, व त्याच महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनेंही तिला मान्यता दिली. यावरून कित्येकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, जानेवारींत शंका काढणारे खोटे पडले. आम्हांस हा तर्क मान्य नाहीं. विद्यार्थी पुढें चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला, एवढ्यावरून निकालापूर्वीं गुणपत्रिका मागणारा मूर्ख ठरत नाहीं.

दुसऱ्या बाजूची तरफदारी करण्याचाही आमचा हेतु नाहीं. उत्तर प्रदेशाच्या एका माजी मुख्यमंत्र्यांनीं, ही अमुक पक्षाची लस असल्यामुळें आपण ती घेणार नाहीं, असें जानेवारींत जाहीर केलें आणि जूनमध्यें घेण्याची तयारी दाखविली. लशीला पक्ष चिकटविणें ही टीका नव्हे. ती टीकेची विटंबना होय. तीच गोष्ट अफवांची. लस घेतलेला मनुष्य दोन वर्षांत मरतो, असें एका परदेशी शास्त्रज्ञाच्या नांवावर खपविलेलें विधान मे महिन्यांत घरोघरच्या मोबाईलवर फिरलें. जूनमध्यें नाशिकांतील एका गृहस्थाच्या अंगास लशीमुळें चमचे व नाणीं चिकटूं लागल्याची वार्ता सर्वत्र झाली. दमट हवेंत घामेजलेल्या कातडीस गुळगुळीत वस्तु लशीवांचूनही चिकटते, हें करून पाहण्याची तसदी पुष्कळांनीं घेतली नाहीं. परंतु अफवेला हंसणें सोपें आहे. ती कोठें उगवते हें पाहणें अवघड. जेथें प्रश्न पडतात आणि त्यांस उत्तर देणारें माणूस नसतें, त्या पडीक जमिनींतच हें तण माजतें.

प्रश्नांचें काय होत होतें याचा एक मासला देतों. ७ एप्रिल रोजीं महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनीं सांगितलें कीं, राज्यांत तीन दिवस पुरेल इतकीच लस उरली आहे. त्याच दिवशीं केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनीं उत्तर दिलें कीं, राज्य आपलें अपयश झांकण्यासाठीं घबराट पसरवीत आहे. कोणाचे आंकडे बरोबर, हें नागरिकानें ठरवावयाचें कसें? तो केंद्रावर गेला, तेथें 'लस संपली' अशी पाटी वाचली, आणि चार दिवसांनीं उत्सव सुरू झाल्याचें ऐकलें. मे महिन्यांत, दुसरी लाट ऐन भरांत असतांना, लस परदेशीं कां पाठविली असा प्रश्न विचारणारीं भित्तिपत्रकें दिल्लींत लागलीं, तेव्हां तीं लावणाऱ्यांवर गुन्हे दाखल होऊन कित्येकांस अटक झाली. एप्रिलपर्यंत सुमारें ६.६ कोटी मात्रा परदेशीं गेल्या होत्या. त्या पाठविण्यास सबळ कारणें होतीं; कांहीं व्यापारी करारांच्या होत्या, कांहीं गरीब राष्ट्रांसाठींच्या जागतिक योजनेंत द्यावयाच्या होत्या, आणि शेजारधर्म म्हणूनही कांहीं वस्तु आहे. हीं कारणें मोकळेपणानें सांगितलीं असतीं, तर पुष्कळांस तीं पटलींही असतीं. ज्या प्रश्नास इतकें चांगलें उत्तर होतें, त्यास पोलिस कशासाठीं?

दोन मात्रांमधील अंतराचीही तीच कथा. कोविशील्डचें अंतर आरंभीं चार ते सहा आठवड्यांचें होतें. २२ मार्चला तें सहा ते आठ आठवडे झालें, आणि १३ मे रोजीं बारा ते सोळा. अंतर वाढविल्यास लस अधिक गुणकारी ठरते असें दाखविणारा आधार परदेशांतील प्रयोगांत होता. परंतु निर्णय आला तो नेमका टंचाईच्या दिवसांत. तेव्हां हें शास्त्र कीं काटकसर, असा संशय लोकांस आला तर त्यांत लोकांचा दोष काय? 'दोन्ही कारणें आहेत, आणि पहिलें खरें असल्यामुळें दुसऱ्याची लाज बाळगण्याचें प्रयोजन नाहीं', असें सरळ सांगणारा एकही अधिकारी पुरुष निघूं नये, याचा आम्हांस खेद वाटतो.

याउलट जेथें खरें आंकडे मांडले गेले तेथें काय झालें, हेंही पाहावें. युरोपांत याच जातीच्या लशीनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हां आपल्याकडेही काहूर उठलें. १७ मे रोजीं तज्ज्ञ-समितीच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कोविशील्डनंतर अशा संभाव्य घटना २६, म्हणजे दहा लाख मात्रांमागें ०.६१. धोका नाहीं असें त्यांत म्हटलेलें नव्हतें; धोका केवढा आहे तें सांगितलें होतें, व कोणतीं लक्षणें दिसल्यास वैद्याकडे जावें तेंही सांगितलें होतें. एकशें दहाच्या आंकड्यापेक्षां हा इवलासा दशांश आम्हांस शतपटीनें अधिक धीर देणारा वाटला. आणि आमचा अनुभव असा कीं, हा दशांश ज्यांस समजावून सांगितला त्यांपैकीं कोणीही केंद्रावरून परत फिरलें नाहीं.

अनुभवाचा विषय निघालाच आहे, तर एक घरगुती गोष्ट सांगतों. आमच्या शेजारीं चार घरीं स्वयंपाक करणाऱ्या एक काकू आहेत. त्या वेळीं त्यांनीं साठी ओलांडली होती आणि मधुमेहही होता. एप्रिलांत त्या एका केंद्रावर गेल्या व रांगेंत दोन तास उभ्या राहून टेबलापाशीं पोंचल्या. "बाळा, मला साखरेचा आजार आहे, टोचलं तर चालेल ना?" असें त्यांनीं तेथील मुलास विचारलें. "आजी, रांग थांबवूं नका, सगळी माहिती मोबाईलवर आहे," असें उत्तर आलें. काकूंपाशीं बटनांचा जुना मोबाईल होता. त्यावर नातवाचा आवाज ऐकूं येई, याहून अधिक कांहीं नव्हे. मागचे चार लोक हंसले, आणि त्या न टोचतां घरीं आल्या. पंधरा दिवसांनीं त्यांच्या वस्तींत एक आशाताई आली. ती जमिनीवर बसली, चहा घेतला, आणि म्हणाली, "मावशी, साखर आहे म्हणूनच तुम्ही आधीं घ्यायची." बस्स, एवढेंच वाक्य! काकू दुसऱ्या दिवशीं गेल्या आणि दंड दुखतो म्हणून तक्रार करीत, पण समाधानानें, परत आल्या. ज्ञानेश्वरांचें नांव घेऊन ज्या तिसऱ्या टीकेविषयीं आम्हीं वर लिहिलें, ती त्या आशाताईनें केली. अशा हजारों आशाताईंना त्याच वर्षीं जून महिन्यांत मानधनासाठीं संप करावा लागला, ही गोष्टही त्या चर्चेच्या इतिहासांत लिहून ठेवण्यासारखी आहे.

येथें भाषेचा मुद्दा आपोआप येतो. नांवनोंदणीचें 'कोविन' हें द्वार १ मार्चपासून सामान्य नागरिकांस उघडलें. परंतु मराठीसह इतर देशी भाषांत तें जूनच्या सुमारास वाचतां येऊं लागलें. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली, तेव्हां शहरांतील चपळ बोटांच्या तरुणांनीं खेड्यांतील केंद्रांच्या वेळा घरबसल्या आरक्षित केल्या, आणि त्या खेड्यांतील लोक आपल्याच दवाखान्यापुढें उभे राहून मोटारींतून उतरणारे पाहुणे मोजीत राहिले. सर्वोच्च न्यायालयानें ३१ मेच्या आदेशांत नेमकें याच विषमतेवर बोट ठेवलें, आणि अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस पैसे मोजावयास लावणारें धोरण सकृद्दर्शनीं मनमानी व असमंजस असल्याचें म्हटलें. ७ जूनला धोरण बदलल्याची घोषणा झाली, आणि २१ जूनपासून केंद्रानें सर्व प्रौढांस सरकारी केंद्रांवर मोफत लस देण्यास आरंभ केला. धोरण कशामुळें बदललें याचा वाद ज्यांस घालावयाचा त्यांनीं घालावा. टीकेनें लसीकरण बुडालें नाहीं, उलट तें सुधारून पुढें गेलें, एवढें कालक्रमावरूनच दिसतें. २१ ऑक्टोबरला शंभर कोटी मात्रा पूर्ण झाल्या. तो पराक्रम खरा होता, आणि ज्यांनीं प्रश्न विचारले त्यांचाही त्यांत वांटा होता.

यावर कोणी म्हणेल, 'घराला आग लागली असतां बंब कोणत्या कंपनीचा, पाणी कोणत्या विहिरीचें, असे प्रश्न विचारावयाचे नसतात.' हा आक्षेप वजनदार आहे. एप्रिल व मे महिन्यांत स्मशानांत जागा मिळत नव्हती. प्रत्येक दिवसाची किंमत माणसांत मोजली जात होती. आणि अतिचिकित्सेमुळें कोणी लस घेण्यास विलंब केला व प्राणास मुकला, असेंही घडलें असेल. तथापि आग आणि लस यांत एक भेद आहे. पाणी घरावर ओतावयाचें असतें. लस निरोगी माणसाच्या अंगांत, त्याच्या संमतीनें, घालावयाची असते. संमति ही समजुतीची मुलगी आहे. २ मे २०२२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें लसविषयक धोरण अवाजवी नसल्याचें सांगितलें. त्याबरोबरच कोणावरही लसीची सक्ति करतां येणार नाहीं, आणि लशीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढें ठेवली पाहिजे, असेंही बजावलें. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईंत दोन मात्रा घेतलेल्यांसच लोकलचा पास मिळूं लागला, तेव्हां ज्यांचें पोट लोकलवर चालतें त्यांनीं लस घेतली; पण त्यांतील किती जणांस ती पटली होती, हें त्या पासावर लिहिलेलें नव्हतें.

शेवटीं आमच्याच वर्गाविषयीं दोन शब्द. सरकारास दोष देऊन आम्हां सुशिक्षित कुटुंबांची सुटका होत नाहीं. आम्हीं त्या दिवसांत काय केलें? कोणती लस अधिक प्रतिष्ठेची याची चर्चा केली, दंड उघडा करून छायाचित्रें काढविलीं, खरा-खोटा मजकूर न वाचतां पुढें ढकलला, प्रमाणपत्रावर कोणाचें छायाचित्र असावें यावर हमरीतुमरीवर आलों. शंका घेणाऱ्यास एका बाजूनें देशद्रोही म्हटलें, आणि लस घेणाऱ्यास दुसऱ्या बाजूनें भाबडा. आमच्या स्वयंपाकघरांत उभें राहून जिनें भीत भीत एक प्रश्न विचारला असता, तिला बसवून उत्तर देण्याचें काम मात्र आम्हीं आशाताईवर सोपविलें. वाचतां येतें, इंग्रजी समजतें, दशांशाचा अर्थ कळतो, त्यांच्यावर हें ऋण अधिक होतें. तें आम्हीं फेडलें नाहीं.

पुढची साथ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. ती येणार नाहीं असें मात्र कोणताही वैद्य सांगत नाहीं. लशी बहुधा अधिक लवकर तयार होतील, कारण शास्त्र शिकतें. आपली चर्चाही शिकेल काय, हें आपणांवर अवलंबून आहे. त्या वेळीं पुन्हां उत्सव मांडावयाचा झाल्यास आमची हरकत नाहीं, आणि त्याचें नांवही तेंच असूं द्यावें. मात्र शब्दाचे तिन्ही अर्थ त्यांत पाळले जावे. पांच मिनिटें रांग थांबली तरी चालेल. पण काकूंस विचारावयाचें तें विचारूं द्यावें, आणि मगच सुई उचलावी.